पंचामृत प्यालेला प्रोब

सुग्रीव धुळाजी शिंगाडे याला मी तो कपडे घालायला लागण्याच्या आधीपासून ओळखतो. त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये एक भिंत आणि एक लिंबाचं झाड आहे. भिंत त्यांची, झाड माझं, आणि पडलेला पाला कोणाचा यावर त्याचा बाप धुळाजी आणि मी अजून भांडतो. घनसावंगीहून जीपनं निघालात की आधी ऊस लागतो, मग कापूस, मग परत ऊस. दुसरा ऊस लागला की उतरायचं. तेच आमचं गाव.

धुळाजीच्या घरी पिढीजात मेंढरं. सुग्रीव लहानपणी डोळे मिटून नुसता पाठीवर हात ठेवायचा आणि ही कोणती मेंढी ते सांगायचा. आमच्या गुरुजींना हे पटेना. त्यांनी एकदा त्याचे डोळे रुमालानं बांधले आणि मेंढीऐवजी आपलं लोकरीची टोपी घातलेलं डोकं पुढं केलं. पोरानं हात फिरवला आणि म्हणाला, "ही आपली न्हाई. मंठ्याच्या बाजारातली हाये." टोपी खरंच मंठ्याच्या बाजारातली होती. गुरुजी उरलेला हिवाळा उघड्या डोक्यानं शिकवत होते.

तर असा हा हाताचा माणूस. जालन्याला आयटीआय केलं, तिथंच एका कारखान्यात राहिला, आणि एके दिवशी टेम्पोत एक मशीन घालून गावी परत आला. मशीन म्हणजे एक टेबल, टेबलावर लोखंडी कमान, कमानीत खाली तोंड करून बसवलेली मोटर आणि मोटरच्या तोंडात कोरायचं टोकदार बिट. कॉम्प्युटर सांगेल तसं ते पुढं-मागं, डावीउजवीकडं, वर-खाली फिरतं आणि लाकडात नाव म्हणा, वेल म्हणा, गणपती म्हणा, कोरून देतं. याला सीएनसी म्हणतात. मोठ्या कारखान्यात खोलीएवढं असतं, हे हौशी लोकांचं, बाजेएवढं. त्यानं ते मेंढरांच्या शेडमध्ये मांडलं. मेंढरांनी पहिला आठवडाभर नाराजी दाखवली, मग ती मोटरच्या आवाजावर रवंथ करायला शिकली. मोटर बंद पडली की आता चारा खात नाहीत.

मशीन कामाला वाघ, पण ठार आंधळं. लाकूड कुठं सुरू होतं, किती उंच आहे, त्याला काही कळत नाही. ते आपण सांगायचं. सुरुवातीला सुग्रीव स्वस्तातला उपाय करायचा. लाकडावर एक जाड पत्र्याचा तुकडा ठेवायचा, त्याला एक वायर, आणि दुसरी वायर चिमट्यानं बिटाला. मोटर बंद ठेवून बिट हळूहळू खाली आणायचं. ते पत्र्याला टेकलं की वीज जुळते, मशीन थांबतं. त्यातून पत्र्याची जाडी वजा केली की लाकूड सापडलं. रोजच्या सपाट फळ्यांना एवढं बराबर पुरतं. फक्त चिमटा लावायला विसरायचं नाही. एकदा वारा सुटला म्हणून धुळाजीनं तो चिमटा काढून वाळत घातलेल्या धोतराला लावला. बिट खाली आलं, पत्र्याला टेकलं, वीज काही जुळेना, म्हणून ते बिचारं आणखी खाली जात राहिलं. बिट मोडलं, पत्रा वाकला, मशीन म्हशीसारखं ओरडलं. धोतर मात्र जागचं हललं नाही, हे धुळाजी आजही अभिमानानं सांगतो.

आता पोराच्या लग्नाकडं येतो, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू झाला.

मंठ्याकडच्या बद्रीनाथरावांची मुलगी रेणुका. आम्ही जीप करून बघायला गेलो. धुळाजी, सुग्रीवची माय जयवंताबाई, सुग्रीव आणि वजन वाढवायला मी. पोहे झाले. आम्ही मुलीला विचारायचे प्रश्न आठवत होतो, तेवढ्यात मुलीनंच विचारलं, "मशीनवर नेमकं काय करता तुम्ही?"

"कोरतो," सुग्रीव म्हणाला.

"काय पण कोरता?"

"काय पण."

रेणुका आत गेली आणि एक सागवानी पाट घेऊन आली. तिच्या आजीचा. आजी जन्मभर त्याच्यावर बसली होती आणि आजी काही किरकोळ बाई नसावी, कारण पाट मधे परातीसारखा खोल गेलेला, कडा वर आलेल्या आणि एका कोपऱ्याला पीळ. तेल पिऊन पिऊन काळा कुळकुळीत.

"ह्याच्यावर दोघांची नावं कोरून दाखवा," ती म्हणाली. "रेणुका-सुग्रीव. एकसारखी आली पाहिजेत, एक जाड एक बारीक नको. लग्नात मी ह्याच्यावर उभी राहीन. पाट बिघडला तर तुम्हाला दुसरा पाट मिळंल. पण मंग नवरी बी दुसरीच बघा."

बद्रीनाथराव म्हणाले, "आजीची लाडकी आहे ती. तिच्या शब्दापुढं आमचं काही चालत न्हाई. फकस्त कोरताना मी समोर असणार."

पोह्यांची रिकामी बशी सुग्रीवनं दोन्ही हातांत अशी धरली होती की जीपमध्ये बसला तरी सोडेना. शेवटी बद्रीनाथरावांनी ती हळूच काढून घेतली. मी तेव्हाच धुळाजीला कोपरानं ढोसलं, "ह्याला दुसरी चालणार न्हाई."

पाट आम्ही बरोबर आणला, पण तो वाकडा. सपाट फळीला एका जागी हात लावून भागतं. ह्या पाटाला शंभर ठिकाणी शंभर उंच्या. वेड्यावाकड्या जमिनीवर बिट सरळ रेषेत चाललं, तर उंचवट्यावर खोल खाणार आणि खड्ड्यावर हवा कोरणार. म्हणजे आधी सगळ्या पाटावरून हात फिरवायला हवा, मेंढीच्या पाठीवर फिरवावा तसा, आणि मशीनला ते ध्यानात ठेवायला लावायला हवं. लाकडातून वीज जात नाही, म्हणून पत्र्याचा उपाय इथं लंगडा. पोळ्या गुंडाळायचा चकचकीत कागद वर चिकटवून बघितला, तर आजीच्या तेलावर तो टिकेना. तेव्हा सुग्रीव म्हणाला, "बापू, टच प्रोब घ्यावा लागतो."

टच प्रोब म्हणजे मशीनचं बोट. बिटाच्या जागी बसवायचं, लहान डबीएवढं असतं, खाली एक बारीक दांडी, दांडीच्या टोकाला मण्याएवढी गोळी. आत तीन काड्या आपापल्या जागी टेकून बसलेल्या असतात, त्यातून वीज फिरत असते. गोळी कशालाही लागली की एखादी काडी उचलली जाते, वीज तुटते आणि मशीनला कळतं, लागलं. लाकूड असो, दगड असो, माझं टक्कल असो. टक्कल करून बघितलं आहे.

धुळाजी, सुग्रीव आणि मी जालन्याला राधेश्यामभाऊंच्या दुकानी गेलो. त्यांच्याकडं मशीनचे सुटे भाग मिळतात आणि मागच्या खोलीत दाखवायला एक मशीनही आहे. त्यांनी तीन प्रोब काढले. एक मखमलीच्या पेटीत. त्याच्याकडं आम्ही नुसतं पाहुण्यासारखं बघितलं. दुसरा इतका स्वस्त की त्याची दांडी पडजिभेसारखी हलत होती. तिसरा मधला.

सुग्रीवनं स्वस्तवाला मशीनला लावला आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा टेकवला. दरवेळी आकडा वेगळा. मग मधला लावला. तो दरवेळी तोच आकडा सांगे, पण जरा चुकीचा, कारण गोळी मधोमध नव्हती, केसभर डावीकडं होती.

मी म्हणालो, "हा बी चुकतोयच की."

"चुकू द्या ना, बापू. दरवेळी तेवढाच चुकतोय. मंग ती चूक वजा करता येते. जो कधी बराबर, कधी गलत, त्याचं काय करावं?"

मला एकदम पटलं. आमची दुपारची एसटी रोज तासभर उशिरा येते आणि रोज तेवढीच येते, म्हणून आजवर कोणाची चुकली नाही. मधे एकदा ती वेळेवर आली, तर अर्धं गाव मागं राहिलं आणि एका लग्नात नवरदेव पुढं पाठवून वऱ्हाड दुसऱ्या दिवशी न्यावं लागलं.

भाव ठरवायची वेळ आली तेव्हा धुळाजीनं खांद्यावरचा टॉवेल काढला, राधेश्यामभाऊंच्या हातावर टाकला आणि आत हात घातला. मेंढरांच्या बाजारात भाव असाच होतो, टॉवेलाखाली बोटं दाबून, म्हणजे बाजूच्याला कळू नये. राधेश्यामभाऊंना हे माहीत नाही. ते घाबरले.

"चाचा, हाथ क्यों पकडा?"

"तुम्ही बोला," धुळाजी म्हणाला आणि दोन बोटं दाबली.

"क्या बोलूं?"

"तोंडानं न्हाई. बोटानं बोला."

बराच वेळ टॉवेलाखाली काहीतरी चाललं होतं. राधेश्यामभाऊंना घाम फुटला. शेवटी त्यांनी दुसऱ्या हातानं प्रोब पुढं सरकवला आणि म्हणाले, "ले जाओ चाचा, लेकिन मेरी उंगली छोडो." कितीला ठरला ते त्या दोघांनाच ठाऊक. निघताना ते माणुसकीनं म्हणाले, "संभालके. टोकाला माणिक आहे. कारखान्यात बनवलेलं, पण माणिकच."

पुढचं वाक्य, म्हणजे फार हळू टेकवा, आधी बोट लावून दिवा लागतो का बघा, ते सुग्रीवनं ऐकलं. धुळाजीनं फक्त 'माणिक' ऐकलं आणि घरी येऊन तेवढंच जयवंताबाईला दिलं.

जयवंताबाई दुसऱ्याच दिवशी जांबच्या देवळात दर्शनाला गेली. तिथं ओट्यावर बसलेल्या एका ज्योतिषाला तिनं विचारलं, "माणिक आणलंय, कसं वापरावं?" तो बिचारा अंगठीतल्या खड्याबद्दल बोलला. माणिक सूर्याचं रत्न, रविवारी सकाळी पंचामृतात बुडवावं, मग वापरावं, नाहीतर उलटतं.

रविवारी सुग्रीव वायर आणायला घनसावंगीला गेला होता. आला तर शेडमध्ये तांब्याची वाटी आणि वाटीतून प्रोबची वायर शेपटीसारखी बाहेर आलेली.

"माय, हे काय करून राह्यली?"

"न्हाऊ घातलं रे त्याला. उपाशी होतं बघ. सगळा मध पिऊन टाकला."

दूध, दही, तूप, मध, साखर. काही सोडलं नव्हतं माऊलीनं. आतल्या तिन्ही काड्या मधाच्या चिखलात रुतल्या. सुग्रीवनं प्रोब पुसला, वाळवला, मशीनला लावला आणि आजीच्या पाटाऐवजी एका सपाट फरशीवर टेकवला. एकाच जागी कधी हा आकडा, कधी तो. टेकलं तरी काडी उचलायला मध सोडेना. प्रोब झोपेतून उठल्यासारखा म्हणायचा, हां हां, लागलं वाटतं. उघडावा तर आतलं सगळं केसाच्या मापानं बसवलेलं, पुन्हा जमेल याची खात्री नाही. पेट्रोलनं धुतला. तूप गेलं, बाकीची मंडळी राहिली. दुसरा प्रोब आणायचा तर राधेश्यामभाऊंनी निरोप पाठवला होता, माल येईल तेव्हा येईल, पण चाचांना आणू नका.

आणि बद्रीनाथरावांनी यायचा दिवस कळवून टाकला होता.

सुग्रीवचं जेवण तुटलं. मी शेडमध्ये जाऊन बसायचो आणि त्याला बरं वाटावं म्हणून माझ्या लग्नात बँडवाले चुकून दुसऱ्या गावी गेल्ते ती गोष्ट सांगायचो. तो हसायचा नाही. मग एका दुपारी त्यानं वैतागून प्रोब बाहेर उन्हात फेकल्यासारखा ठेवला, जरा वेळानं उचलला, पुन्हा लावला आणि ओरडला, "बापू! सारखं बोलून राह्यला!"

थंडीचे दिवस होते. शेडमधल्या गारव्यात मध घट्ट, उन्हात पातळ. उन्हात तापला की प्रोब उशिराच बोलायचा, पण दरवेळी तेवढाच उशिरा. मग काय, फरशीवर टेकवून ती चूक मोजली, मशीनला वजा करायला सांगितली, काम झालं. फक्त प्रोब सतत उन्हात राहायला हवा.

"राहणारच," जयवंताबाई म्हणाली. "सूर्याचा खडा हाये. मी काय सांगत व्हते?"

धुळाजीनं प्रोबला हात जोडले.

ठरल्या दिवशी आळीतल्या सगळ्या गड्यांनी मिळून मशीन अंगणात आणलं. पाट टेबलाला आवळून बसवला. धुळाजी काठी घेऊन सावल्या हाकायला उभा राहिला. लिंबाची फांदी आडवी येत होती म्हणून माझ्या झाडाची फांदी त्यानं मला न विचारता तोडली, त्याचं मी नंतर बघून घेतलं. कोंबडी जवळ आली, हाकलली. कावळा वरून गेला, त्यालाही शिव्या. पोरंसोरं दूर बसवली. बद्रीनाथराव, रेणुका आणि तिची आत्या केशरबाई जीपमधून उतरली, चहा झाला आणि सुग्रीवनं मशीन सुरू केलं.

कोंबडी दाणे टिपते तसा प्रोब पाट टिपायला लागला. एक ठिपका, वर, पुढं, खाली, टिप. पाटाच्या डाव्या कडेपासून ओळीनं, रेणुकाच्या 'रे'पासून. सगळं आकडेशीर चाललं होतं. निम्मा पाट झाला आणि बद्रीनाथरावांना उत्सुकता अनावर झाली. ते उठले, शाल सावरली आणि अगदी मशीनजवळ येऊन वाकून उभे राहिले. डोक्यावर हा एवढा फेटा. फेट्याची सावली बराबर प्रोबवर.

धुळाजीची काठी हवेत राहिली. कोंबडीला हाकलता येतं. मुलीच्या बापाला कोण म्हणणार, सरका?

"पाव्हणं, खुर्ची घ्या की," जयवंताबाई म्हणाली.

"बिलकुल नको. हितंच बरं दिसतंय."

"थंडी आहे, जरा उन्हात या," मी म्हणालो.

"उन्हातच तर उभा हाये."

धुळाजीनं तंबाखू पुढं केली. त्यांनी न हलता हात लांब करून घेतली. मी ओसरीवरून हाक मारली, आमच्या गाईला बघा म्हणालो, दिवसाला किती दूध देते ओळखा. ते म्हणाले, "मागनं बघू." केशरबाईंनी हळूच विचारलं, "हे लोक अण्णाला हाकलून का राह्यले?" आणि मग तर आमची तोंडंच शिवली. सुग्रीव घाम पुसत आकडे बघत होता. त्याला दिसत होतं, प्रोब गार पडतोय, प्रत्येक ठिपक्याला आधीपेक्षा उशीर करतोय. उशीर म्हणजे मशीनला वाटणार पाट आहे त्यापेक्षा खाली आहे, आणि ते जास्त खोल कोरणार. पण मशीन थांबवायचं तर कारण सांगावं लागणार. टिप, टिप, टिप. बद्रीनाथराव तंबाखू मळत शेवटच्या ठिपक्यापर्यंत तिथंच उभे.

मग प्रोब काढला, बिट लावलं, कोरलं. भुसा फुंकून टाकला.

'रेणुका' बघावं तर मोत्यासारखं, आजीच्या खड्ड्यातसुद्धा एकसारखं. 'सु' ठीक. 'ग्री' जरा अंगानं भरलेला. आणि 'व'! टोकदार बिट जितकं खोल जाईल तितकी रेघ जाड होते. तो 'व' पुरीसारखा फुगला होता.

धुळाजी पुढं झाला आणि म्हणाला, "डिझाइन हाये."

"भारी डिझाइन," बद्रीनाथराव म्हणाले.

मला हायसं वाटलं. सुटलो, म्हटलं. रेणुकानं खाली वाकून 'सु'पासून 'व'पर्यंत बोट फिरवलं आणि सुग्रीवकडं बघितलं. "तुमचं नाव जेवत जेवत पुढं गेलंय का?"

आता हो म्हणायला काय हरकत होती? पण ज्याला गुरुजींचं डोकंसुद्धा मेंढी म्हणवलं नाही, तो माणूस हा. म्हणाला, "डिझाइन न्हाई. बिघडलाय." आणि सगळं सांगितलं. माणिक, पंचामृत, पेट्रोल, ऊन. शेवटी खाली मान घालून, "आणि अर्ध्यावर अण्णांची सावली पडली. सरका म्हणायची हिंमत झाली न्हाई."

अंगणात मेंढरांचा रवंथसुद्धा थांबल्यासारखा झाला. मोटर बंद होती, म्हणून असेल.

"म्हंजे माझ्यामुळं?" बद्रीनाथराव म्हणाले.

रेणुका हसायला लागली. तोंडाला पदर लावला तरी थांबेना. "अण्णा, घरी तुमच्या सावलीत पापड बी वाळत न्हाईत. मी रोज सांगते सरका म्हणून. ह्यांना कोणी सांगायचं?" मग जयवंताबाईकडं वळून म्हणाली, "मामी, जरा गरम पाणी देता का? पंचामृताची वाटी तुम्ही पेट्रोलनं धुता का?"

विजेच्या वस्तूला पाणी लावायचं हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सुग्रीवनं प्रोब मशीनवरून सोडवून आणला, तिनं कोमट पाण्यात तो दोनदा, तीनदा हलवला, साखर सुटली, मध सुटला, दह्याची एक कवडी बाहेर आली. फुंकून, उन्हात वाळवून लावला. फरशीवर टेकवला. तोच आकडा. सावली केली. तोच आकडा. फेट्याची करून बघितली. तोच.

"पाटाचं काय मंग?" धुळाजीनं धीर करून विचारलं.

"पाट बिघडला न्हाई," रेणुका म्हणाली. "पण एकसारखी म्हणाले होते मी. आता माझं नाव बी 'का'पासून उलटं फुगवत न्या. 'रे' त्यांच्या 'व'एवढा झाला पाहिजे. मी काय उपाशी राहू?"

सुग्रीवनं पाट जागचा हलवला नव्हता. शहाण्या झालेल्या प्रोबनं पुन्हा सगळा पाट टिपला आणि मशीनला मुद्दाम थोडं थोडं खोटं सांगून 'रे' फुगवला. बद्रीनाथराव पूर्ण वेळ आमच्या गाईजवळ उभे होते. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

लग्न उन्हाळ्यात झालं. रेणुका त्याच पाटावर उभी राहिली. अक्षता पडल्या त्या 'रे'त आणि 'व'त जाऊन बसल्या, मधली अक्षरं कोरडी. मांडव उतरल्यावर धुळाजीची कोंबडी पाटावर चढली आणि दोन्ही टोकांचे तांदूळ टिपू लागली, एक इकडचा, एक तिकडचा. जयवंताबाई तिला हाकलायला धावली, तर सुग्रीव म्हणाला, "राहू दे माय, मापं घेऊन राह्यली ती."